खालून वर पडलेला पाऊस

७ फेब्रुवारी, रविवार

दादा,

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर आलं नाही, म्हणून या पत्रात एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलंय. प्रश्नच नसला की उत्तर न देण्याचे तुझे कष्टही वाचतील.

इथे बरं चाललंय. खोली तीच, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची. सहा दिवस खालून टकटक चालते. रविवारी ती थांबली की खोली उगाच मोठी वाटायला लागते. मालकीणबाई जिन्यात भेटल्या की विचारतात, "आज कुणी येणार आहे का?" मी म्हणते, "नाही." त्या म्हणतात, "बरं झालं, पाणी पुरेल." एवढाच आमचा संवाद, पण तो ठरलेला आहे हे बरं वाटतं.

कामाची जागा तुला आवडली असती. लांबच लांब पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, त्यांवर लाकडी पेट्या. पेट्यांमध्ये जमिनीतून काढलेल्या दगडाच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या, एकापुढे एक मांडलेल्या. आम्ही त्यांना कोअर म्हणतो. पेटी पुस्तकाच्या पानासारखी वाचायची. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, ओळीमागून ओळ, जसजसं पुढे जाऊ तसतसं जमिनीत खाली. दगडावर पाणी मारलं की तो ताजा दिसतो, जणू आत्ताच आंघोळ करून आलाय. पेट्या उचलायला एक काका आहेत, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना पेटीवाले काकाच म्हणतात. शेडमध्ये माझ्याशी बोलणारे तेवढेच, तेही एक तर दगडांबद्दल, नाहीतर स्वतःच्या गुडघ्याबद्दल.

तू सातवीत शाळा सोडलीस आणि खाणीत गेलास. त्यानंतर मी घरी आले की रोज विचारायचास, "आज काय शिकलीस, बोल." ती सवय मला अजून आहे, म्हणून सांगते.

चुनखडी सगळी एकसारखी नसते. जशा हवेत जन्मते तशी ती होते. समुद्र ऊबदार आणि उथळ असेल तर लाटा बारीक कणांना लोळवत राहतात, त्यांच्यावर चुन्याचे थर चढतात, आणि माशाच्या अंड्यांसारखे गोल गोल दाणे होतात. थंड समुद्रात हे दाणे होत नाहीत, नुसत्या शिंपल्यांच्या ठिकऱ्या साचतात. हवा कोरडी पडून उथळ पाणी आटायला लागलं की चुनखडीत मॅग्नेशियम शिरतं. ती घट्ट आणि कडक होते, चिखलाला पडलेल्या भेगासुद्धा तिच्यात जशाच्या तशा राहतात. आणि समुद्र हटून खडक उघडा पडला आणि त्यावर हजारो वर्षं पाऊस पडत राहिला, तर पाऊस तो खडक खातो. आत पोकळ्या पडतात, त्यांत लाल माती उतरते, वर मातीचा थर बसतो. मग पुन्हा समुद्र येतो आणि सगळ्यावर पांघरूण घालतो.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं, ज्यांच्या अंगावर ही धूळ रोज उडते त्यांनाच हे कुणी सांगत नाही. मी सांगेन. तू हसशील, पण मी या नोकरीत त्यासाठीच आले.

खालच्या पायरीवरची तुझी जागा तुमच्या खाणीच्या कोअरवरून मी लिहिलेल्या अहवालामुळे गेली, हे मला माहीत आहे. त्याचं वाईट वाटतं. पण खाणीची ती पायरी बारा मीटरच्या खाली आहे, आणि तिथला खडक पोकळ असताना मी तेरा माणसांना तिथे उभं राहू देणार नव्हते. त्या तेरांचा मुकादम तू आहेस. वहिनी म्हणाल्या, आता सगळे वरच्या पायरीवर काम करतात. ते ऐकल्यापासून मला शांत झोप लागते.

नोटीस लावली त्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे बोलले, त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

तुझी,
धाकटी

२४ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

काल वहिनींना फोन केला होता. म्हटलं, "कशा आहात?"

"मी मजेत. ह्यांचं तोंड म्हणजे कुणी सिमेंट ओतून ठेवलंय."

"माझ्याशी बोलेल का तो?"

"ताई, माझ्याशी बोलले तर तुमच्याशी बोलतील ना! परवा म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. या महिन्यातलं सगळ्यात मोठं भाषण."

आम्ही दोघी खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मी तो पुन्हा उचलला आणि तसाच ठेवला.

तर ते बोलणं. मीच लिहिते, म्हणजे तुला वाटायला नको की मी विसरले.

नोव्हेंबरात आम्ही नोटीस घेऊन आलो. माझ्या डोक्यावर कोरं हेल्मेट, शेजारी आमच्या कचेरीतल्या मोठ्या बाई, मागे खाणीचा व्यवस्थापक, समोर तुझी माणसं. तू माझ्या अहवालातला नकाशा बराच वेळ धरून उभा राहिलास. मग म्हणालास, "खाली लाल माती नाही गं. लाल वर आहे. वरच्या पायरीला भोक पाडताना ड्रिल मध्येच एकदम आत जातं, पाणी लाल येतं. खालचा दगड घण मारला की खणखणीत वाजतो."

आणि मी म्हणाले, "दादा, तू दगड फोडतोस. मी तो वाचते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तूही हसलास. ते हसू मला आवडलं नव्हतं, तेव्हाही. पण मोठ्या बाई बघत होत्या, आणि मला वाटलं, आता मागे सरले तर कायमची मुकादमाची बहीण राहीन. तू कागद घडी घालून परत दिलास. "बरं," म्हणालास. त्यानंतर तू माझ्याशी बोललेला नाहीस.

मी बोलायला नको होतं. दगडाबद्दल काहीही असो, तसं बोलायला नको होतं.

बाकी ठीक. मोठ्या बाईंनी त्याच कोअरवर एका परिषदेसाठी लेख लिहायला सांगितलाय. म्हणून पेट्या पुन्हा उघडल्या. एक बारीकशी गोष्ट खटकतेय, माती आणि पोकळ्यांच्या जागेची. काही नाही, होईल नीट.

प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं, पण एक विचारते. वरच्या भिंतीच्या अगदी पायथ्याशी एका वेळी किती जण असतात? सहज विचारतेय.

धाकटी

२ मार्च, मंगळवार

दादा,

"काही नाही" असं लिहिलं होतं ते खोटं होतं. ते पत्र लिहायच्या दोन दिवस आधी, सोमवारी, बावीस तारखेलाच मला कळलं होतं.

नीट सांगते, म्हणजे तुला तपासता येईल. त्या बोअरच्या सहा पेट्या आहेत, एकेकीत चार मीटर. पहिल्या तीन पेट्या म्हणजे तुमची वरची पायरी, नंतरच्या तीन म्हणजे खालची. अहवालात मी पोकळ खडक चौथ्या पेटीत दाखवला, म्हणून खालची पायरी बंद झाली. लाल मातीचा थर होता पाचव्या पेटीच्या शेवटाला, पोकळ्यांच्याही बराच खाली. हे विचित्र होतं. पण मी दोन वेगवेगळे पावसाचे काळ लिहिले आणि जुळवून टाकलं. कागदावर काहीही जुळतं.

सोमवारी चौथी पेटी पुन्हा धुतली. तिच्यातल्या पोकळ्या वर रुंद आणि खाली निमुळत्या आहेत. म्हणजे पाणी वरून आलं. पण त्यांच्या वर माझी तिसरी पेटी, कोरड्या काळातला घट्ट खडक, ज्याने पावसाचा थेंबही प्यायलेला नाही. मग पाणी आलं कुठून? जी माती वर असायला हवी ती माझ्याकडे खाली होती. माझ्या अहवालात पाऊस खालून वर पडत होता, दादा. आणि ते तीन लोकांनी तपासून त्यावर सह्या केल्या.

मग मी पाचव्या पेटीतली शेवटची कांडी उचलली आणि चौथीतल्या पहिल्या कांडीला लावून पाहिली. तुटलेली टोकं एकमेकांत अशी बसली की सांधा नखाला लागेना. पेट्यांचा क्रम उलटा होता. सहावी ती पहिली, पहिली ती सहावी.

हे कसं झालं तेही सांगते. बोअर झालं त्या दिवशी गाडी शेडला पोचेपर्यंत वाटेत पाऊस लागला. ड्रिलवाल्याने पेट्यांवर खडूने घातलेले आकडे धुऊन गेले. गाडीवाला घाई करत होता. पेट्या जशा उतरत गेल्या तशी मी पांढऱ्या रंगाने एक, दोन, तीन घालत गेले. पेटीवाले काका म्हणाले होते, "बाई, ड्रिलवाल्याला एकदा विचारून घ्या की." मी म्हणाले, "मला माहीत आहे, काका." गाडीत जी पेटी शेवटी चढते ती पहिली उतरते. भाजीच्या टोपल्या उतरवणाऱ्यालाही हे कळतं. आणि आकडे धुतले गेले होते हे मी अहवालात लिहिलंच नाही. लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं.

म्हणजे पोकळ खडक वरून आठ ते बारा मीटरवर आहे. तुमच्या वरच्या भिंतीचा पायथा. खाली सगळा कोरड्या काळातला दगड आहे, घण मारला की वाजणारा. तू म्हणालास तस्साच. मी तुम्हाला धडधाकट पायरीवरून उचलून पोकळ पायरीखाली नेऊन उभं केलं.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे. मी अजून कायम झालेली नाही, ते जूनमध्ये ठरतं. आईने सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय की पोरीला सरकारी टेबल मिळालंय. तरी उद्या सांगणार आहे.

पायथ्याशी जाऊ नका.

धाकटी

४ मार्च, गुरुवार

दादा,

सांगितलं. काल सकाळी, मोठ्या बाई आल्या आल्या. त्यांना शेडमध्ये नेलं आणि दोन्ही कांड्या हातात दिल्या. त्यांनी स्वतः जोडून पाहिल्या, एकदा, मग पुन्हा. मग शेजारच्या पेटीवरच बसल्या.

"कधी लक्षात आलं?"

"आत्ताच, बाई."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

काका तिथेच झाडत होते. म्हणाले, "मला काही ऐकू येत नाही, बाई. गुडघ्यामुळे."

बाईंनी लगेच तुमच्या व्यवस्थापकाला फोन लावला. मला बाहेर उभ्या उभ्या त्याचा आवाज ऐकू येत होता. "नोव्हेंबरात तुम्हीच म्हणालात खाली धोका. आता म्हणता वर. उद्या म्हणाल, सगळे झाडावर बसा. सही-शिक्क्याचा कागद पाठवा, त्या क्षणी काम थांबवतो." सही लागते मोठ्या साहेबांची. ते दौऱ्यावर आहेत, बारा तारखेला येतील. बाईंनी तार, फोन, सगळं करून पाहिलं. साहेब म्हणे कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाहीत. माझ्या अहवालावर मात्र न बघता केली होती.

मग मी वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी संध्याकाळी उलट फोन केला.

"सांगितलं ह्यांना. ऐकलं, हात धुतले, जेवायला बसले."

"काहीच बोलला नाही?"

"म्हणाले, तोंडी निरोपावर तेरा जणांची हजेरी बुडवता येत नाही. कागद लावून हलवलंय, कागद आला की परत हलवू."

"वहिनी, माझी पत्रं? त्यात सगळं लिहिलंय. कालचं पत्र तीन-चार दिवसांत पोचेल."

"पत्रं ट्रंकेत आहेत, ताई. फोडलेली नाहीत. मी एक उघडायला गेले तर म्हणाले, त्याच्यावर माझं नाव आहे."

म्हणजे इतके दिवस मी ट्रंकेला पत्रं लिहितेय. मीठ कमी असल्याचा विनोदसुद्धा ट्रंकेलाच सांगितला.

हे पाकीटही तिथेच जाणार. पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही. इथे बोलायला दुसरं कुणी नाही.

धाकटी

५ मार्च, शुक्रवार. पोस्टकार्ड

खाणीच्या वरच्या पायरीवर काम करणाऱ्या सर्वांना, मुकादमांच्या पत्त्यावर.

हे कार्ड उघडं आहे. ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावं, आणि मोठ्याने वाचावं.

नोव्हेंबरात लावलेली नोटीस चुकीची आहे. चूक माझी आहे. मी पेट्यांवर उलटे आकडे घातले. वरच्या भिंतीचा पायथा, वरून आठ ते बारा मीटर, आतून पोकळ आहे. तिथे कुणीही उभं राहू नका. खालची पायरी मजबूत आहे.

तुमच्या मुकादमांनी मला हे तेव्हाच सांगितलं होतं. मी त्यांना सगळ्यांसमोर गप्प केलं. ते बरोबर होते.

हे कार्ड कचेरीला न विचारता लिहिलंय. व्यवस्थापकांना दाखवा. शिक्का नाही, सही आहे.

अहवाल लिहिणारी,
मुकादमांची बहीण

२० मार्च

शहाणे,

तुझी वहिनी म्हणाली मी लिहून देते. म्हटलं नको, मीच लिहितो. चुका काढत बसू नकोस.

कार्ड मंगळवारी आलं. पोस्टमनने फाटकात वाचलं, मग चहावाल्याने वाचलं. माझ्या हातात येईपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. व्यवस्थापक ओरडला, शिक्का कुठाय. मी म्हटलं, चला साहेब, तुम्ही पायथ्याशी खुर्ची टाकून बसा, मी वर ड्रिल लावतो. आला नाही. मग मी माणसं बाजूला घेतली. दोन दिवस कुणाची हजेरी लावली नाही त्याने. पण कुणी परत गेलं नाही.

पंधरा तारखेला सकाळी आठच्या सुमारास, तुमच्या साहेबांचा सहीचा कागद यायच्या आधीच, भिंत बसली. आवाज फार नाही झाला. आमची जेवायची जागा होती, तो पत्रा आणि पाण्याचं पिंप, ते आता दिसत नाही. कुणाला काही झालं नाही. धुरळा खाली बसल्यावर मी आत बघितलं. पोकळी आहे, माणूस उभा राहील एवढी. आत सगळं लाल.

त्या दिवशी घरी येऊन तुझी पत्रं फोडली. सगळी एका बैठकीत वाचली. वहिनीने दोनदा चहा गरम केला.

तुला वाटलं मी रुसलो. मी रुसलो नव्हतो. तू म्हणालीस तू वाचतेस, मला ते खरं वाटलं. एवढी शिकलीस, आपल्याला काय कळतंय. नंतर वर ड्रिल आत जायचं, लाल पाणी यायचं, तरी मी म्हणायचो, असेल काहीतरी, तिला माहीत आहे. बाकीचे विचारायचे, मी सांगायचो, माझ्या बहिणीने तपासलंय. तुझ्याशी बोललो असतो तर पुन्हा तेच विचारलं असतं, आणि तू पुन्हा तेच उत्तर दिलं असतंस. म्हणून नाही बोललो.

आता एक विचारतो. तुला बावीस तारखेला कळलं असं तू लिहिलंयस. बाईंना सांगितलंस तीन तारखेला, आणि म्हणालीस आत्ताच कळलं. मधे नऊ दिवस आहेत. ते नऊ दिवस आम्ही रोज पायथ्याशी होतो. सहा-सात जण तरी. तू विचारलं होतंस ना किती असतात.

तू नऊ दिवस काय करत होतीस?

पत्रं मी कुणाला दाखवलेली नाहीत. वहिनीलासुद्धा नाही.

दादा

२५ मार्च, गुरुवार

दादा,

तुझं अक्षर पाकिटावर बघितलं आणि मी जिन्यातच बसले. मालकीणबाई म्हणाल्या, "वाईट बातमी आहे का?" मी म्हणाले, "नाही, भावाचं पत्र आहे." पहिलं पान वाचेपर्यंत मी सुखात होते.

काय करत होते ते सांगते.

सोमवारी पेट्या परत मांडणीत ठेवल्या. काकांनी त्या दोन कांड्यांबद्दल विचारलं, "बसलं का?" मी म्हणाले, "नाही बसलं." त्यांनी पाहिलं होतं. मंगळवारी वहिनींना फोन केला तो हेच सांगायला केला होता. मिठावरून हसलो आणि मी तसाच ठेवून दिला. बुधवारी तुला ते पत्र लिहिलं, "सहज विचारतेय" वालं. ते टपालात टाकल्यावर मला बरं वाटलं, जणू मी सांगून मोकळी झाले. गुरुवारी आणि शुक्रवारी तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडला. चूक सापडावी म्हणून नाही. चूक नाही असं निघावं म्हणून.

शनिवारी मी मालकीणबाईंना चहाला बोलावलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्या दीड तास बसल्या. नळाची वेळ, त्यांच्या भाच्याचं लग्न, आधीची भाडेकरू कशी पाय वाजवत चालायची, सगळं सांगितलं. त्या दीड तासात मला तुमची आठवण झाली नाही. त्यासाठीच तर बोलावलं होतं.

रविवारी खाली टकटक बंद होती. मी खिडकीशी बसून मनात म्हणाले, भिंत नोव्हेंबरपासून उभी आहे, आणखी दोन दिवस राहील. हे असंच, शब्दाला शब्द. हे मला तुला सांगायचं नव्हतं. सोमवारी कचेरीत गेले, बाईंच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी होतं. मी परत आले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मंगळवारी तुला खरं लिहिलं, पण तेही पाकिटात घालून, चिकटवून, जे पोचायला तीन-चार दिवस लागतात. फोन शेजारीच होता.

मला भीती वाटत होती, हे खरं आहे. पण ती भिंत पडण्याची नव्हती. मी परत येईन, आई दारात उभी असेल, गल्ली बघत असेल, आणि मला म्हणावं लागेल की मला सहा पेट्यांना सहा आकडे नीट घालता आले नाहीत, याची भीती होती. तुमच्या डोक्यावरचा दगड एका पारड्यात आणि माझं तोंड दुसऱ्यात, आणि नऊ दिवस माझं पारडं जड होतं. तुम्हाला काही झालं नाही. त्यात माझा काही हात नाही.

काल बाईंकडे गेले आणि सांगितलं की "आत्ताच" हे खोटं होतं, मला बावीसला कळलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "हे मला सांगायची गरज नव्हती."

"होती, बाई."

"मग लिहून दे."

लिहून दिलं. जूनमध्ये काय होईल ते त्यांनाही माहीत नाही. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

वहिनी म्हणतात, खाणीत मला सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय. चहावाल्याने कार्ड काचेखाली लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. "नोकरीची पर्वा न करता लिहिलं पोरीने," असं म्हणतो म्हणे. ते ऐकून मला रडू आलं, वहिनींना वाटलं आनंदाने. त्या तेरांपैकी एकट्या तुला माहीत आहे की त्या कार्डाच्या आधी मी नऊ दिवस हे दाबून ठेवलं होतं. आणि तू गप्प आहेस. नोव्हेंबरात माझ्यासाठी गप्प बसलास, त्याचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. आता पुन्हा नको बसूस, दादा.

येत्या बुधवारी नवीन बोअर पाडायला आमची गाडी येतेय. बाई मलाच पाठवताहेत, सोबत दुसरा एक तपासणारा असेल. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र असतील तेव्हा मी त्यांना सांगणार आहे. कोणत्या तारखेला कळलं, कोणत्या तारखेला बोलले, आणि मधल्या शनिवारी मी चहा पीत होते हेसुद्धा. पायथ्याशी जे सहा-सात जण असायचे त्यांच्याकडे बघून सांगणार आहे. मला ते कोण ते माहीत नाहीत, तेवढे दाखव.

तू मध्ये पडू नकोस. "लहान आहे, जाऊ द्या," असं म्हणू नकोस. त्यांच्या मनात येईल ते त्यांना बोलू दे, शिव्या घातल्या तरी. मी ऐकून घेईन आणि मग कामाला लागेन.

त्यानंतर तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर मी गाडीजवळ असेन. नाही वाटलं तर तेही मला कळेल. गाडी पाच वाजता निघते.

धाकटी